माझा वारा जातो कुठे?

मी एक जुना टर्बो आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी इंजिनाच्या कुशीला, धुराने काळवंडून बसलेला असतो. पण डिझेलची एखादी पिकअप माल भरून चढाला लागली आणि तिच्या पोटातून बारीक शिट्टी ऐकू आली, तर तो माझाच कुणी भाऊबंद आहे असे समजा.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे बसवली आणि प्रत्येकाला गोगलगायीच्या शंखासारखे घर दिले. एका घरात इंजिनाचा धूर शिरतो आणि तिथले चक्र फिरवतो. दांडा एकच असल्यामुळे दुसरे चक्रही फिरते आणि बाहेरची हवा ओढून इंजिनाकडे दाबून पाठवते. जितकी हवा जास्त, तितके डिझेल चांगले जळते आणि गाडीला जोर येतो. वाया जाणाऱ्या धुरावर एवढे काम करणारा मी. पण मला पहिल्यापासून एक खोड आहे, मला चौकशा फार. धूर कुठून येतो ते मला कळे. मी पाठवलेली हवा पुढे कुठे जाते, ते मात्र कधी दिसले नाही. माझ्या तोंडाला एक जाड रबरी पाइप लावलेला होता. हवा त्यात शिरली की माझा तिच्याशी संबंध संपे.

आमची पिकअप बर्फाच्या कारखान्यातली. ती वहिनी चालवत. लाद्या चढवायला-उतरवायला त्यांचा धाकटा दीर सोबत असे. तो त्यांना वहिनी म्हणे, म्हणून मीही म्हणतो. रोज सकाळी लाद्या भुशात घालायच्या, वर ओली पोती टाकायची आणि डोंगरावरच्या डेअरीत पोचवायच्या. तिथल्या दुधाच्या कॅनना हा बर्फ लागे. चढाला माझा सूर लागला की दीर खुशीत येई. "वहिनी, शिट्टीवाला उठला बघा," असे तो म्हणे. माझे नावच पडले ते. कौतुक कुणाला नको असते?

मग एका उन्हाळ्यात काहीतरी बिनसले. चढाला लागलो की मी नेहमीसारखा फिरे, उलट जास्तच जिवाच्या आकांताने फिरे, तरी इंजिनाला दम लागे. मागून काळा धूर निघे आणि माझ्या शिट्टीत फुसफुस मिसळे. विटा भरलेले ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून जाऊ लागले. डेअरीत पोचेपर्यंत लाद्यांच्या कडा झिजून त्या वापरलेल्या साबणाच्या वड्यांसारख्या गुळगुळीत होत.

डेअरीवाले काका भले माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही, त्यामुळेच त्यांचे बोलणे जास्त लागले.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "पण माझं दूध नासतंय. उद्याही असंच पाणी आलं, तर मला दुसरी गाडी बघावी लागेल."

ही फेरी गेली तर पिकअप उभीच राहणार होती, आणि पिकअप उभी म्हणजे वहिनींचे काम गेले. डोंगर उतरून गाडी थेट गॅरेजमध्ये आली.

तिथल्या मिस्त्रींचा चष्मा कायम कपाळावर असे. त्यांनी गाडी उभी ठेवूनच इंजिन रेटले, धूर पाहिला आणि निकाल दिला.

"टर्बो गेला. नवा टाकू."

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला फार वाईट वाटले. पण मी तरी काय सांगणार होतो? हवा कुठे हरवते ते मलाही ठाऊक नव्हते.

"गेला म्हणजे नेमकं काय झालं त्याला?" वहिनींनी विचारले.

"गेला म्हणजे गेला, ताई. रोज बघतो मी हे."

"मला दाखवा ना. काढायचाच आहे, तर कशानं गेला ते तरी कळू दे."

मिस्त्री कुरकुरत वाकले. त्यांनी माझ्या हवा ओढण्याच्या बाजूचा पाइप सोडवला, बोट घालून चक्र फिरवले, दांडा धरून हलवून पाहिला. मग कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"चक्र कुठं घासत नाही. दांडाही ढिला नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "हा तर ठणठणीत आहे."

मिस्त्रींची एक गोष्ट मला तेव्हा आवडून गेली. स्वतःचा निकाल चुकला म्हणून त्यांना राग आला नाही, त्यांना उलट हुरूप आला. त्यांनी एक डबी जोडून गाडीच्या संगणकाला विचारले. दाब कमी पडतो, एवढेच त्याने सांगितले. कुठे कमी पडतो, ते त्यालाही माहीत नव्हते.

"हवा तर हा देतोय," मिस्त्री म्हणाले. "मग ती जाते कुठे?"

माझाच प्रश्न! एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा दुसऱ्या कुणालातरी पडला होता.

"पण उभ्या गाडीत फुसफुस ऐकूच येत नाही," दीर म्हणाला.

"कशी येईल? ओझं नाही, चढ नाही. मग हा कशाला जोर लावेल? माझंच चुकलं, मी झोपलेल्या माणसाचा दम मोजत होतो."

इंजिन बंदच ठेवून त्यांनी बरणीच्या झाकणाला टायरचा व्हॉल्व्ह बसवला, ते झाकण मी हवा ओढतो त्या तोंडावर घट्ट आवळले आणि पंपाने बेताने हवा भरली. न फिरता माझ्यातून वारा गेला, ते फार गमतीचे वाटले. मग मिस्त्री ब्रशने साबणाचे पाणी लावत पाइपवरून पुढे सरकले. पहिला सांधा कोरडा. दुसराही. पार पुढे, गाडीच्या तोंडावरच्या जाळीमागे, पाइपच्या खालच्या अंगाला मात्र फेसाचा फुगा आला, फुटला आणि पुन्हा आला.

तिथे एक चीर होती. हवेचा दाब आला की तिचे ओठ उघडत, दाब गेला की मिटत. म्हणूनच उभ्या गाडीत ती कुणाला सापडत नव्हती. चिरेच्या कडेला घासल्याची खूण होती आणि तीत तागाचा एक धागा अडकलेला होता.

वहिनी तो धागा बघत राहिल्या.

"हे माझंच काम आहे," त्या म्हणाल्या. "परत येताना ओली पोती वाऱ्यावर वाळावीत म्हणून मी जाळीवर टांगते. दोरी आत घालून याच पाइपला बांधते."

"आणि आपण पंपवाल्याला शिव्या घालत होतो, डिझेलमध्ये भेसळ करतो म्हणून," दीर म्हणाला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मिस्त्री म्हणाले आणि तिघेही हसले. वहिनींचे हसणे लगेच विरले. उद्याची खेप अजून बाकी होती.

मिस्त्रींनी नवा पाइप घातला, पट्टे आवळले. सकाळी ते स्वतःच वहिनींच्या शेजारी येऊन बसले. "ओझ्याशिवाय निकाल द्यायचा नाही, एवढं कालच शिकलो," ते म्हणाले. ज्या वळणावर आम्ही रोज रखडत होतो, तिथे वहिनींनी पेडल दाबले. मी फिरलो, हवा दाबली, आणि या वेळी इंजिन ती पुरी घेऊन गुरगुरले. फुसफुस नाही, काळा धूर नाही. मला इतका आनंद झाला की माझी शिट्टी मलाच नवी वाटली.

डेअरीच्या दारात काकांनी पोते उचलले. लाद्या कोऱ्या करकरीत होत्या. त्यांनी एका लादीच्या धारेवरून बोट फिरवले.

"उद्या जरा जास्त आणा," ते म्हणाले.

वहिनींनी डोळे पुसले आणि गाडी बंद करायला किल्लीला हात घातला.

"लगेच नको," मिस्त्री म्हणाले. "एवढं ओझं घेऊन वर आलाय तो, तापून लाल झाला असेल. आता बंद केलंत तर त्याचं तेल जागीच जळेल. मिनिटभर चालू राहू दे. दम खाऊ दे त्याला."

वहिनींनी हात मांडीवर घेतला. दीर लाद्या उतरवत होता, इंजिन हळू चालले होते आणि माझ्या दांड्याभोवती तेल फिरत होते. आजवर चढ संपला की मला तसाच गप्प केले जाई आणि मी आतल्या आत भाजत असे. त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा माझ्यासाठी थांबले.

तेव्हा मित्रांनो, यंत्र असो की माणूस, ओझे घेऊन चढ चढून आलेल्याजवळ घटकाभर थांबा. त्याला निवू द्या आणि मगच आपल्या कामाला लागा.