चौथा गाडा

आमच्या ‘मॉर्निंग टाइड’ बँडवरचा माहितीपट सरावाच्या आवारातच, पांढऱ्या भिंतीवर दाखवला. शनिवारी माझ्याकडे वाजवायला शिकणारी पोरं पुढे खाली बसली होती, मी त्यांच्यात.

माहितीपट सुरेख होता. तेलाचं पिंप ठोकून त्यातून सूर काढणाऱ्या म्हाताऱ्या एगबर्टचे हात इतक्या जवळून टिपले होते की, वर्षभर बोलून मला जे समजावता आलं नाही ते पोरांना दोन मिनिटांत कळलं.

"अंकल फित्झ, तुम्ही केव्हा येणार?" नऊ वर्षांच्या निआलाने विचारलं.

"तेव्हा मी वाजवायचो थोडाच? मी गाडा ढकलायचो."

"तेच! गाडा केव्हा येणार?"

वाद्यांचे गाडे मंचावर ढकलत न्यायचे, हे आम्हा चाहत्यांचं काम. चौथा गाडा सगळ्यात जड, खर्जाच्या पिंपांचा. तो माझा दोस्त एल्डन आणि मी ढकलायचो. सत्त्याऐंशी सालच्या बँडस्पर्धेची अंतिम फेरी आम्ही एका गुणाने हरलो ती परीक्षकांमुळे, असं मी पोरांना दरवर्षी सांगायचो. त्या दिवशी मी गाडा कसा रेटला, तेही.

भिंतीवर त्या अंतिम फेरीचं सव्हाना मैदान आलं. झेंडे, धूळ, गर्दी. तीन गाडे चढले. चौथ्याचं चाक चढावावरच्या फळ्यांत रुतलं. एल्डन एकटाच खांदा लावून होता, आणि मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत होता. शेवटी तिसऱ्या गाड्याची माणसं धावत मागे आली. खर्जवाले धापा टाकत जागेवर पोहोचले, आणि पहिलाच ठोका डळमळला. इतक्या वर्षांनीही तो मला स्वच्छ ऐकू आला.

"तो टोपीवाला! अंकल, तो तुम्हीच!" केलॉन ओरडला.

"छे रे, यांना तेव्हा केस होते!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"मी नाही तो," मी म्हणालो. "मी वर प्रेक्षकांत बसलो होतो."

"का? पाय मुरगळला होता?"

"बँडचे नवे शर्ट वाटले, त्यात मला मिळाला नाही. म्हटलं, ज्यांना मिळाले त्यांनीच ढकला."

निआला माझ्याकडे बघत राहिली. "एका शर्टासाठी?"

"हो."

"मग परीक्षक?"

"त्यांचं बरोबर होतं, बाळ."

शेजारच्या बाकावर एल्डनची बायको हायसिंथ बसली होती. एल्डनला जाऊन सहा वर्षं झाली.

"शर्ट?" ती हळूच म्हणाली. "तू तर ताप आल्याचा निरोप धाडला होतास, फित्झ."

"धाडला होता."

"एल्डन हरून आला, अंगावरची धूळही झटकली नाही. मक्याचं सूप डब्यात भरून तुझ्याकडे निघाला. तुझ्या दाराला कुलूप."

मला हे ठाऊकच नव्हतं. "काय म्हणाला मग?"

"काय म्हणणार? म्हणाला, जास्तच झालेलं दिसतंय, दवाखान्यात नेलं असेल. आणि सूप घेऊन तिकडे गेला."