सुरीचं वय

शेजारणीने चुगली केली नसती तर ती बाई आमच्या दारात आलीच नसती. बालकल्याण खात्याची बाई. खांद्याला पिशवी, तोंडावर गोड हसू. असल्या हसण्याला मी चांगली ओळखून आहे.

मी पुस्तकं बांधते. माझी आई बांधायची, तिचा बाप बांधायचा. सून बाळंतपणात गेली, मुलगा जहाजावर, म्हणून नात माझ्याजवळ. आठ वर्षांची आहे. आमच्या घरात रीतच आहे, पहिला दुधाचा दात पडला की पोराला स्वतःची सुरी मिळते. त्या दिवसापासून ते पोर कामाला लागतं आणि मोठ्यांच्या पंगतीत बसतं.

"शाळेतून आल्यावर काय करते मुलगी?" बाईने विचारलं.

यात मेख आहे हे मला कुठे ठाऊक! मी आपली फुशारकी मारायला लागले. "अहो, पुठ्ठे कापते, खळ शिजवते, दाभणाने पानं शिवते. टाका बघाल तर असा सरळ! मोठ्या माणसाला जमणार नाही."

बाईचं हसू मावळलं. "आणि खेळते कधी?"

"खेळायला ती काय लहान आहे?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण आता काय उपयोग!

"आजी, आठ वर्षांचं मूल लहानच असतं," बाई शांतपणे म्हणाली. "इथे हेच चालणार असेल तर तिला वसतिगृहात न्यावं लागेल."

माझं डोकं असं सणकलं! तिच्या वयात मी दोन भावंडं सांभाळून काम करत होते, मला कोण न्यायला आलं होतं? तोंडावर आलेलं गिळलं. पोरगी गेली तर या घरात मी भिंतींशी बोलू?

बाईने तिला हाक मारली आणि पिशवीतून एक कापडी बाहुली काढली. बाहुलीची खांद्यापाशी शिवण उसवलेली. "घे बाळ. तुला हवं ते कर हिचं."

पोरीने बाहुली उलटीपालटी केली. उसवलेल्या जागी बोट फिरवलं. झालं! हात निघालाच टेबलावरच्या दाभणाकडे. बाई टक लावून बघत होती. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनीच नको म्हटलं. हात थांबला. मग तिने बाहुली मांडीवर घेतली आणि थोपटायला लागली. "नीज गं, नीज."

बाईचा चेहरा सैल झाला. "बघा, आहे ना लहान? सुऱ्या कुलपात ठेवा. मी पुन्हा येईन, तोवर बाहुली राहू दे तिच्याकडे."

दार लागलं आणि मी कडी घातली.

"वाचलो गं बाई! काय नाटक केलंस, शहाणी माझी! चल, गेली ती. ठेव ती बाहुली, पानं शिवायची राहिलीत."

पोरगी उठली नाही. थोपटणं चालूच होतं.

"आजी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "अजून झोपली नाही ती. थोडं थांबशील?"

या पोरीने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं.