दाढ जेवत नाही

दाढ हे माशाचं नाव. काळी मॉली, अंगठ्याच्या पेराएवढी. दादा दातांचा डॉक्टर, त्याने तिच्या खापरपणजीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच म्हणाला होता, "ही तर किडकी दाढ पोहतेय." नाव पडलं ते पडलंच. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या टाकीत मग दाढांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. आता त्यातली ही एकटीच उरली होती.

ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. दवाखाना तीस वर्षं दोघांनी मिळून चालवला. दादा दात काढायचा, ताई नंबर पुकारायची आणि हत्यारं उकळायची. घरात "दादा, तू", पण दवाखान्याचा उंबरठा ओलांडला की "डॉक्टर, तुम्ही". एकदा ऐन गर्दीत "दादा, तू जरा थांब की!" असं तिच्या तोंडून निसटलं, तर खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस असून हसला होता. लवंगेच्या तेलाचा वास, बसून बसून गुळगुळीत झालेला बाक, गालाला हात लावून माशांकडे बघत बसलेली माणसं. त्या दिवसांची आठवण आली की ताईचा हात चालता चालता थांबायचा.

मग दादाचे हात थरथरू लागले. थरथरत्या हाताचा दंतवैद्य कुणाला हवा असतो? दादाने स्वतःच पाटी उतरवली आणि घरी येऊन आपल्या खोलीत बसला तो बसलाच. दोन महिने झाले, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. ताई रोज जाऊन माशाला खायला घालून यायची आणि ती आली की दादा आतून एकच प्रश्न विचारायचा, "दाढ कशी आहे?" तेवढंच काय ते बोलणं. हा प्रश्नही उद्या बंद झाला तर काय, म्हणून ती एक दिवसही फेरी चुकवायची नाही.

जागा सोडायची वेळ आली तेव्हा ताईने टाकी घरी आणली. आणि बाईसाहेबांनी काय करावं? काच मिठाने घासली. खडे उकळले. पाणी खेळवणाऱ्या पंपाचा स्पंज तर खळखळा उकळून, पिळून, उन्हात वाळवला. टाकी अशी लखलखली की दादाची हत्यारंही लाजली असती.

दाढ मात्र पंपाच्या नळीमागे जाऊन बसली. पंख आवळलेले, शेपटी मिटलेली. दाणे टाकले की ते तिच्या अंगावरून खाली जायचे, ती ढिम्म. ताई काचेला नाक लावून बसे, "खा गं बाई, एक घास खा," म्हणे. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. आतून प्रश्न आलाच.

"दाढ कशी आहे?"

"मजेत आहे," ताई म्हणाली. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं ती फक्त पेशंटांशी बोलली होती, "अजिबात दुखणार नाही" म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"स्पंज कशात धुतलात?"

"धुतला नाही. उकळला."

मासेवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो ताई, त्या मळातच तर पाणी निवळ ठेवणारे जीव राहतात. तुम्ही सगळी वस्तीच उकळलीत! आता कुणाच्या तरी निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळवा. माझा देत नाही, माझ्या टाक्यांत सध्या रोग शिरलाय. तोवर रोज थोडं पाणी बदला, मागे काळा कागद लावा, दिवा बंद. आणि सारखं टक लावून बसू नका. तिला वाटतं, तुम्ही तिला खाणार आहात."

अति तिथे माती म्हणतात. इथे अति झालं आणि मातीच उरली नाही.

घरी येऊन ताईने दादाच्या दारात उभं राहून सगळं कबूल केलं, खोटं बोलल्याचंसुद्धा. दादाने तोंड भिंतीकडे वळवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय म्हणून ती पुढे झाली, तर तो हसत होता.

"तीस वर्षं सांगत होतो, जंतू मार, जंतू मार. एकदाचे सगळे मारलेस!"

"हसू नकोस रे. तो स्पंज तू कसा धुवायचास?"

"टाकीच्याच पाण्यात पिळायचो. शनिवारी, तू गेल्यावर. तुला दाखवला असता तर तू तो फेकून दिला असतास." मग तो एकदम म्हणाला, "ती चावरी कुठे असते गं हल्ली?"

ताईला लगेच कळलं. न चावता दात दाखवणाऱ्या मुलांना दादा औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून मॉलीचं पिल्लू द्यायचा. रडलं तर चालेल, चावायचं नाही, ही अट. एक पोरगी त्याच्या बोटाला कडकडून चावली होती आणि तरी त्याने तिला पिल्लू दिलं होतं, एक सोडून दोन. "चावणाऱ्यांना बक्षीस?" म्हणून ताई तेव्हा आठवडाभर धुसफुसत होती. ती चावरी आता दोन गल्ल्या सोडून झेरॉक्सचं दुकान चालवत होती.

"मीच विचारतो तिला," म्हणत दादाने चपला घातल्या. हात मात्र खिशात कोंबले.

दुकानात यंत्राशेजारीच टाकी होती. पाणी हिरवट, काचेला शेवाळ, आणि आत काळ्या मॉलींची ही झुंबड. ताईचे हात शिवशिवले, पण तिने ते आवरले.

"डॉक्टर!" झेरॉक्सवाली स्टुलावरून उठलीच.

"आमची दाढ जेवत नाही," दादा म्हणाला.

तिने आपल्याच गालाला हात लावला. "अय्या, तुम्हाला कसं कळलं?"

गोंधळ निस्तरायला पाच मिनिटं गेली. मासळी जेवत नव्हती आणि झेरॉक्सवालीची खरीखुरी दाढ महिनाभर ठणकत होती. टाकीत दोन स्पंज होते. त्यातला एक तिने टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत घातला. "तुम्ही सांगितलं होतं तसंच ठेवते हो, गरम पाणी दाखवत नाही." मग हळूच म्हणाली, "जरा बघता?"

दादाने हात खिशातून काढले. ते थरथरत होते. झेरॉक्सवालीने ते पाहिलं, तरी आ केला.

"भरायला हवी," दादा म्हणाला. "उशीर केलास तर काढावी लागेल. चौकात नवा डॉक्टर आलाय, चांगला आहे म्हणतात."

"मला भीती वाटते. तुमच्यानंतर कुणाकडे गेलेच नाही मी."

दादा टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नंबर लाव. मी येतो शेजारी बसायला. फक्त त्याला चावायचं नाही."

ताईने स्पंज पंपाला लावला, मागे काळा कागद चिकटवला, दिवा बंद केला, रोज तांब्या तांब्याने पाणी बदललं आणि सगळ्यात अवघड काम केलं, टाकीकडे पाठ करून बसली. दोन दिवसांनी पाणी निवळू लागलं. पाचव्या दिवशी दुपारी ती भाजी निवडत असताना पाण्याचा बारीक आवाज झाला. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. दाढ वर आली होती, शेपटी पसरून, आणि पाण्यावरचे दाणे एकेक करून गिळत होती.

"दादा!" ताई ओरडत आत धावली. "दादा, दाढ जेवली!"

खोलीत कुणी नव्हतं. अंथरूण नीट घडी केलेलं होतं, दारातल्या चपला गेल्या होत्या. चार वाजले होते, झेरॉक्सवालीच्या नंबरची वेळ. इतकी मोठी बातमी, आणि सांगायला घरात माणूस नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. ताईला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.