शेडमधला भुसा

प्रयोगशाळेत तिला सगळे अंडीवाल्या बाई म्हणत. आत पिल्लू वाढत असलेल्या अंड्यांवरच तिचं काम चाले. कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणू घ्यायचा, त्यावर नवं जंतुनाशक ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि त्यातला थेंबभर अंड्यात टोचायचा. मग पाच दिवस अंडी दिव्यासमोर धरून बघायची. आतल्या लाल शिरा टवटवीत राहिल्या तर औषध जिंकलं, विरून गेल्या तर विषाणू.

या नव्या औषधाला उग्र वास नव्हता, कातडीही भाजत नव्हती. तिला घाई होती ती दादासाठी. त्याची अंड्यांच्या कोंबड्यांची मोठी शेड होती. ती रिकामी झाली की जंतू मारायला फॉर्मलिन हे उग्र वासाचं औषध फवारताना त्याला धाप लागायची. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "फॉर्मलिन बंद, नाहीतर फुप्फुसं बंद."

साध्या पाण्यात औषधाने बाजी मारली. वीसच्या वीस अंडी जिवंत.

"मग दे की लिहून, औषध चालतं म्हणून!" दादा फोनवर म्हणाला. बोलणं फोनवरच व्हायचं. विषाणू हाताळणाऱ्याने कोंबड्यांकडे फिरकायचं नाही असा नियम होता, त्यामुळे दोन वर्षांत तिने त्याची शेड पाहिली नव्हती.

"तुझी शेड काय काचेच्या नळीत आहे? जमिनीवरचा घाण भुसा पाठव," ती म्हणाली.

भुसा आला. तो वाफेवर निर्जंतुक करून तिने विषाणूत कालवला आणि पुन्हा चाचणी लावली. तिसऱ्या दिवसापर्यंत वीसपैकी सतरा अंडी मेली. घाणीने औषध पार गिळून टाकलं होतं.

"पाण्यात चाललं ना? तेवढंच लिही. कोण बघायला येतंय?" दादा चिडला.

"मानमोडी आली की तूच बघशील."

त्याने फोन आपटला. तिलाही जेवण गेलं नाही. आपणच त्याला आशा लावली, हे तिला डाचत राहिलं.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. "वन्सं, एक विचारू? आम्ही भुसा उचलतो, पाणी मारतो आणि लगेच औषध फवारतो. जमीन तशीच चिकट असते. आधी साबणाने घासून वाळू दिली तर?"

ती ओशाळली. शेड नेमकी कशी धुतात, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

तिने सिमेंट, पत्रा आणि लाकूड यांचे तुकडे भुशात बरबटवले, साबणाने घासून वाळवले, त्यावर विषाणू सोडला, मग औषध, आणि प्रत्येकावरचा थेंब वीस-वीस अंड्यांत टोचला. पाच दिवसांनी सिमेंट आणि पत्रा उत्तम. लाकडाने मात्र दगा दिला. विसातली सहा अंडी गेली. तिने तिन्ही निकाल जसेच्या तसे लिहिले आणि दादाला वाचून दाखवले.

"म्हणजे कोंबड्या अंडी घालतात ती माझी लाकडी खुराडी गेली?"

"गेली. पत्र्याची कर."

"आणि एवढी शेड घासायची कोणी?"

मागून वहिनीचा आवाज आला, "तुम्हीच! भांडायला बरा दम पुरतो!"

दादा हसला, हसता हसता खोकला. पुढच्या आठवड्यात शेड रिकामी झाल्यावर त्याने चाळीस खुराडी मोडली. शेड साफ करायच्या एरवीच्या एका दिवसाच्या कामाला घासण्या-वाळवण्यामुळे चार दिवस लागले, आणि चारही दिवस तो तिला फोन करून कुरकुरत होता. फॉर्मलिनचा डबा मात्र त्याने उघडला नाही.