एका नगासाठी भट्टी

परशुराम वैती डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होता आणि मंगोलियातल्या कामगारांना मिळणारे बिल्ले जमवायचा. हे ऐकलं की लोक आधी विचारायचे, मंगोलिया कुठे आलं, आणि मग विचारायचे, पण कशाला? पहिल्या प्रश्नाला परशा नकाशा काढून दाखवायचा. दुसऱ्याचं उत्तर त्याने कधी कोणाला दिलं नाही. मलाही नाही, आणि मी तर त्याचा ठाण्याच्या म्युनिसिपल शाळेपासूनचा दोस्त.

मी सिल्वेस्टर मिस्किटा. वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये मी अठ्ठावीस वर्षं बिल्लेच बनवले. शाळांचे, स्काउटचे, बँकेच्या शिपायांचे, टेंभी नाक्याच्या नवरात्रात स्वयंसेवक छातीवर लावून मिरवतात ते. पितळेच्या पत्र्यावर डायने छाप उठवायचा, खोलगट जागांमध्ये मिन्याची, म्हणजे रंगीत काचेची, ओली पूड भरायची, भट्टीत घालून ती वितळवायची आणि थंड झाल्यावर दगडाने घासून सपाट करायची. बिल्ला मिळालेला माणूस छाती फुगवून फिरतो, बनवणाऱ्याच्या छातीत पितळेची धूळ जाते. ही तक्रार नाही. मला त्या कामाचा माज होता, हेही सांगून टाकतो.

परशाचं खूळ ब्याऐंशी साली सुरू झालं. त्याच्या कंपनीत मशीन बसवायला लास्लो नावाचा एक हंगेरियन इंजिनियर आला होता. त्याआधी तो काही वर्षं मंगोलियात कामाला होता. जाताना त्याने परशाला एक बिल्ला दिला. कडेला दातेरी चाक, मध्ये लाल झेंडा, मागे निळं आभाळ. नंतर परशा त्याला काडेपेटीवरचे छाप पाठवायचा आणि तिकडून बिल्ले यायचे. परशाची बायको मालू त्या सगळ्याला भंगार म्हणायची.

"सगळे सारखेच तर दिसतात रे," मी एकदा म्हणालो.

"स्टोअरमध्ये सगळे बोल्टपण सारखेच दिसतात," परशा म्हणाला. "चुकीचा दे, मग बघ मशीन कशी बोंबलते."

तो प्रत्येक बिल्ल्याचं कार्ड करायचा, स्टोअरमध्ये मालाचं करतात तसं. मागचा नंबर कितवा, अक्षरं वरून खाली लिहायच्या जुन्या लिपीतली की रशियन वळणाची, चाकाला दाते किती, मागचा नट गोल की सहा बाजूंचा, पाठ सपाट की खोलगट. सगळं पेनाने. पेन्सिल त्याच्याकडे नव्हतीच. कार्डावर खोडता येईल असं काही लिहायचं नाही, हा त्याचा नियम होता.

लास्लोने दिला त्या जातीचे दोन प्रकार त्याला माहीत होते. आधीच्या वर्षांतला सपाट पाठीचा, गडद निळ्या आभाळाचा. नंतरचा खोलगट पाठीचा, फिक्या आभाळाचा. बिल्ले यायचे तेव्हा कळकट असायचे, ते साफ करायला तो माझ्याकडे द्यायचा आणि कार्ड त्यानंतरच लिहायचा. येईल जाईल त्याला सांगायचा, सिल्व्याच्या हातात वस्तू दिली की आपल्याला काळजी नाही.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये त्याने तीन बिल्ले दिले. त्यातल्या सपाट पाठीच्या एकाचा नट गंजून बसला होता. मी पकड लावली, जोर केला, पकड सटकली आणि आभाळाचा मसुरीच्या डाळीएवढा तुकडा उडाला. पकडीचा काही दोष नव्हता, मी घाई केली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याचं ते काळजी नाही म्हणणं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि माझा माजही होता. शनिवारी अर्ध्या दिवसाने शेड रिकामी झाली. नवा रंग बघायचाय म्हणून मी शेठना थाप मारली आणि भट्टी पेटवली. उरलेला निळा मिना कोरून काढला. मागच्या स्क्रूचा जोड उष्णतेने सुटू नये म्हणून त्याच्यावर ओली माती थापली. डबे उघडून बघितले तर कल्याणच्या एका शाळेच्या बिल्ल्यांचा निळा त्यातल्या त्यात जवळचा होता. भरला, भाजला, घासला. खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा साफ आला. परशाने रविवारी बघितला, "चकाचक" म्हणाला आणि खिशात टाकला.

अडीच वर्षं काही झालं नाही. मी विसरून गेलेलो.

एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी तो फाईल घेऊन घरी आला. तिकडची सरकारं कोसळली होती, लोक घरातले बिल्ले विकायला काढत होते, आणि लास्लो त्याला फोटो, याद्या पाठवत होता. त्या याद्या आणि आपली कार्डं समोर ठेवून परशाने बारा पानांचा लेख लिहिला होता. बुडापेस्टला बिल्ले जमवणाऱ्यांचं एक पत्रक निघायचं, त्यात तो छापून येणार होता.

"तिसरा प्रकार सापडला," तो म्हणाला. "पाठ सपाट, पण आभाळ गडदपण नाही, फिकंपण नाही. मोरपंखाकडे जातं. लास्लोकडे नाही, कोणाकडेच नाही. फक्त माझ्याकडे."

त्याने बिल्ला टेबलावर ठेवला. मी लगेच ओळखला. माझी बायको फेलिशिया चहा घेऊन आली, तिलाही त्याने भिंगातून आभाळ दाखवलं.

"एकच नग आहे ना?" मी म्हणालो. "रिपेअर केलेला असेल कोणीतरी."

परशा हसला. "बिल्ले बनवणारा तू, आणि हे मी तुला शिकवू? एका नगासाठी भट्टी कोण पेटवतो? पेटली म्हणजे पाचशे, हजार निघाले असणार. बाकीचे कुठेतरी आहेत. लेख छापून आला की सापडतील."

मी चहा प्यायलो. तो सांगत होता की लेखाखाली नाव येणार आहे, पी. जी. वैती, डोंबिवली. मालूलाही वाचून दाखवलं होतं आणि ती भंगार म्हणाली नव्हती. पाकीट मंगळवारी रजिस्टर करणार होता. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही बघितलेला नाही.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्याच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. गप्प बसलो असतो तर चाललं असतं, असं वाटेत बऱ्याचदा मनात आलं. पण तिकडे कोणी जाणकाराने तो नग मागवून बघितला असता, तर तोंडावर पडला असता परशा. आणि कोणीच बघितला नसता, तर तो जन्मभर माझ्या थुकपट्टीवर नाव लावून बसला असता. मला दोन्ही सहन होणार नव्हतं.

तो बाहेर आला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"एका नगासाठी भट्टी पेटवलीस?" शेवटी तो म्हणाला.

"हो."

"कधी?"

"मार्च, एकोणनव्वद. शनिवारी."

"निळा कुठला?"

"कल्याणच्या एका शाळेचा."

त्याने खिशातून पेन काढलं आणि हे सगळं गेटपासाच्या मागे लिहून घेतलं. मग घड्याळ बघितलं आणि आत गेला.

पुढच्या रविवारी तो सगळे बिल्ले घेऊन आला. एकूण बत्तीस. टेबलावर ओळीने मांडले, प्रत्येकाखाली त्याचं कार्ड.

"हा?" त्याने पहिल्यावर बोट ठेवलं.

"फक्त पुसला."

"हा?"

"नट सोडवून तेल दिलं. नट तोच आहे."

असं बत्तीसपर्यंत चाललं. शाळेत मास्तर उभं करायचे तेव्हा वाटायचं तसं मला वाटत होतं. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. तो एक सोडला तर मी कुठल्याच मिन्याला हात लावला नव्हता.

शेवटच्या कार्डापाशी आल्यावर त्याने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. नवी होती, तासलेली. एकतीस कार्डांवर त्याने कोपऱ्यात एक एक प्रश्नचिन्ह काढलं.

"परशा, मी खरं सांगतोय."

"सांगत असशील," तो म्हणाला. "पण मी कार्डावर काय लिहू?"

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. मी शिव्या खाल्ल्या असत्या, फेलिशियाने दोघांना जेवायला बसवलं असतं आणि विषय संपला असता.

त्याने बिल्ले डब्यात भरले. मोरपंखी आभाळाचा एक मात्र टेबलावरच ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"हा आता माझ्यात बसत नाही. तू ठेव."

दारात चपला घालताना तो पुन्हा वळला. "काम मात्र झकास केलंयस. अडीच वर्षं भिंगाखाली धरला. कळलं नाही."

तो जिना उतरून गेला आणि मला आनंद झाला. अशा वेळी आनंद झाला याची लाजही वाटली, पण झाला. अठ्ठावीस वर्षांत मी हुशार मुलांसाठी, शूर स्काउटांसाठी, इमानदार शिपायांसाठी लाखभर बिल्ले बनवले. त्यातला एकही माझ्या छातीसाठी नव्हता. कामगाराचा म्हणून मला मिळाला तो हा एकच. फेलिशियाने विचारलं, कुठे ठेवू? मी म्हटलं, ठेव कपाटात.

लेख पुढच्या वर्षी छापून आला, आठ पानांचा, दोनच प्रकारांचा. परशाने मला अंक दाखवला. तो अजूनही महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, चहा पितो, नवा बिल्ला आला असेल तर आणतो. आधी तो माझ्या हातात द्यायचा. आता स्वतःच्या तळव्यावर ठेवतो आणि तळवा माझ्यापुढे धरतो. मी हात गुडघ्यांवर ठेवून वाकतो आणि बघतो.