प्रश्न सतरावा

चारशे बारा घरं फिरून झाली आणि सतराव्या प्रश्नाला 'हो' म्हणणारी निघाली फक्त सहा. साहेबांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि खुशीत म्हणाले, "सुखी वॉर्ड आहे हो तुमचा!"

घरोघरचे फॉर्म भरून आणणारी ती खुर्चीच्या कडेला टेकली होती. पावणेदोन वाजत आले होते. घरी आठ महिन्यांची लेक सासूच्या खांद्यावर किरकिरत असणार. हिची छाती दुधानं दगडासारखी झाली होती. अशा वेळी मान डोलावून पळायचं. पण तिच्यानं राहवलं नाही.

"सुखी कसला, साहेब? एकेका खोलीत सात-सात माणसं बघून आलोय आम्ही."

पुढच्या पंधरा वर्षांत शहराला किती घरं लागतील याचा अंदाज नगरपालिकेला हवा होता. त्यासाठी तिच्यासारख्या बायका महिनाभर दारोदार फॉर्म भरत फिरत होत्या. सोळा प्रश्न आजचे होते. माणसं किती, खोल्या किती, नळ आत की बाहेर. सतरावा उद्याचा. येत्या पाच वर्षांत या कुटुंबातल्या कुणाला वेगळं घर लागेल का? नवी वसाहत बांधायची की नाही, हे त्याच्यावर ठरणार होतं.

"मग 'हो' का म्हणत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"कसं म्हणतील? आपण विचारतो तेव्हा समोर सासू, सासरे, दीर, सगळे ओळीनं बसलेले. त्यांच्यादेखत सून म्हणणार, मला वेगळं व्हायचंय? वर्षभर टोमणे खाईल बिचारी."

साहेबांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "अनुभवाचे बोल दिसतात."

तिचे कान तापले. शेजारी बसलेली तिची जोडीदारीण, जिला तिच्या उंचीमुळे सगळे शिडी म्हणत, फस्सकन हसली.

साहेब म्हणाले, वीस घरं पुन्हा करून दाखवा, बघू. दोघींनी केली. या खेपेला प्रत्येकाला एकटं जिन्यात बोलावलं. कोण काय म्हणालं ते कुणाला सांगायचं नाही, शेवटी फक्त बेरीज वाचून दाखवायची आणि घरच्या एकाची सही घ्यायची, असं ठरलं. एका सुनेनं घरात ठणकावून 'नाही' सांगितलं आणि जिन्यात आल्यावर शिडीच्या हातातली पेन्सिल ओढून स्वतःच 'हो'वर खूण केली. वीस घरांत सतरा 'हो' निघाले.

"अख्खा वॉर्ड परत," साहेब म्हणाले.

तेव्हा ती इतकी हरखली, की त्या वॉर्डात आपलंही घर येतं आणि आता आपल्यालाही पुन्हा विचारणार, हे तिच्या लक्षात आलं ते बसमध्ये बसल्यावर.

स्वतःच्या घराचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, असा नियम होता. म्हणजे पहिल्या खेपेसारखी शिडीच येणार; तेव्हा सगळ्यांदेखत हिनंही 'नाही'च सांगितलं होतं. रविवारी येते म्हणाली. तेव्हापासून हिच्या जिवाला थारा नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडलं. बाळाला झोपवून उठायची आणि आपण का उठलो तेच आठवायचं नाही.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कपाटाच्या अलीकडे ही, नवरा आणि बाळ, पलीकडे औषधांच्या दुकानात काम करणारा दीर. सासू स्वयंपाकघरात झोपायची. बाळ खोकलं की चारही जण जागे. नवऱ्याशी भांडायचं तर कुजबुजत, आणि कुजबुजत भांडता येत नाही, नुसतं धुमसता येतं. तिला वेगळं घर हवं होतं. इतकं हवं होतं, की लोकांच्या घरच्या खोल्या मोजताना ती मनातल्या मनात तिथे पाळणा टांगून बघायची.

सासू छळणारी असती तर किती सोपं झालं असतं! पण ही बाई नातीला दिवसभर सांभाळायची, परत आलेल्या सुनेच्या हातात आधी पाण्याचा पेला द्यायची आणि मग बाळ. तिला 'हो' कसं ऐकवायचं?

"सतराव्याला तू काय सांगणार?" तिनं शनिवारी नवऱ्याला विचारलं.

"हे घर पुरतंय की आपल्याला."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर विहिरीसारख्या बोळात लोंबकळणाऱ्या माणसाला कुठलीही खोली प्रशस्तच वाटणार.

रविवारी दहाला शिडी आली.

"जपून गं, पंखा लागेल," सासू म्हणाली.

"सवय आहे मावशी. बसूनच असते मी."

एकेकाला गॅलरीत बोलावणं झालं. आधी नवरा गेला, मिनिटात परत आला. मग दीर, तो मान खाजवत आला. मग ही. दार लोटून घेतलं तरी तिला आतला कुकर ऐकू येत होता, म्हणजे आतल्यांना हीही ऐकू येत असणार.

"बोल," शिडी म्हणाली. नेहमीची थट्टा नव्हती आवाजात.

चारशेच्या वर दारांत तिनं हा प्रश्न विचारला होता. खरं उत्तर द्यायला एवढा दम लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मी, हा आणि बाळ." आणि लगेच, "आईंना कळणार नाही ना?"

"नुसती बेरीज वाचणार."

शेवटी सासू गेली. बाळाला कडेवर घेऊनच गेली आणि बराच वेळ आली नाही. ही उगाच धुतलेले पेले पुन्हा धूत राहिली.

सगळे जमल्यावर शिडीनं वाचलं, "वेगळी घरं हवीत, तीन."

तीन? एक आपलं. दिराचं एक असणार, कारण तो आत्ताच लाल झाला होता.

"एक माझं," तो पुटपुटला. "लग्नाचं बघताय ना तुम्ही. कपाटामागे संसार थाटू का?"

नवरा बायकोकडे बघत होता. आता लपवून काय उपयोग? "दुसरं मी सांगितलं," ती म्हणाली. सासूकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

"मग तिसरं?" नवरा गोंधळून म्हणाला. "मी तर नको म्हटलं!"

"माझं," सासू म्हणाली.

बाळानं शिडीच्या फॉर्मवर झडप घातली.

"म्हणजे तुम्ही सगळे जाणार आणि इथे मी एकटा?" नवऱ्यानं विचारलं. शिडीला हसू आवरेना, तिनं खोकल्यावर भागवलं.

"आई, तुम्हाला आमचा त्रास होतो का?" हिनं विचारलं. स्वतः पळायला निघालेली, आणि तिलाच रडू फुटत होतं.

"त्रास कसला? चौदा वर्षं त्या ओट्याखाली झोपतेय. सकाळी पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण मला ओलांडून जातो. मला एक खोली पाहिजे, दार असलेली. या घरात तुम्ही राहा तिघं. फॉर्मात तसं लिही गं बाई, उगाच तीन नको, दोनच पुरेत."

शिडीनं खोडरबर काढलं.

"आणि बाळाला कोण बघेल?" हिच्या तोंडून निसटलंच. विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आणून सोडत जा की रोज," सासू म्हणाली. बाळाच्या मुठीतून फॉर्मचा कोपरा सोडवून तिनं सहीसाठी पेन मागितलं. "मात्र दार वाजवून यायचं."