वीस किलोच्या आत

हाताच्या पकडीच्या परीक्षेसाठी बाकांवर तेवीस माणसं बसली होती, म्हणजे सेहेचाळीस हात. बोटं मात्र दोनशे सत्तावीसच, कारण सुताराची तीन कमी होती. "माझी निम्मी परीक्षा करवतीनंच घेऊन टाकलीय," तो आल्याआल्या म्हणाला आणि सगळे हसले. सगळ्यांनाच यंदा साठ वर्षं पूर्ण होत होती.

समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं. पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्रकिनाऱ्यावर धावत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आपण आता जास्त जगतो!'

"एवढे धावतायत कशाला?" लंबू म्हणाली. "यांचीपण पेन्शन घेऊन कुणी पळालं वाटतं."

मावशी हसली नाही. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती चौतीस वर्षं होती आणि तिथे लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. लंबू तिची जोडीदारीण, वयानं चार वर्षं लहान. आज ती अर्धी रजा टाकून सोबत आली होती.

नव्या कायद्यानं निवृत्ती साठऐवजी चौसष्टला नेली होती. लोक जास्त जगतात, पेन्शनचा भार पेलवत नाही, हे कारण. अंगमेहनतीच्या कामगारांना एक सवलत होती: हाताची पकड वीस किलोच्या आत भरली, तर साठीलाच सुटका, पूर्ण पेन्शनसह. आयुर्मान वाढलं होतं. आकडा खोटा नव्हता. पण तो काढताना गार खोलीत सह्या करणारे आणि ओल्या चादरी ओढणारे एकाच टोपलीत घातले होते. धुलाईखान्यातून आधी निवृत्त झालेल्या पाच जणींपैकी सत्तरी एकीनंच पाहिली. मावशीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. तिची वेणी रोज लंबू घाली. खांद्याबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हतं.

घरी नवऱ्याला आताशा काही आठवत नसे. दोनदा गॅस उघडा राहिला, तेव्हापासून ती बाहेरून कुलूप लावून कामावर निघे. आज सकाळी त्यानं दाराआडून विचारलं होतं, "कोण आहे? कोण कोंडतंय मला?"

"मीच आहे हो. थोडेच दिवस आता."

"नीट ऐक," लंबू बाकाशी वाकून कुजबुजली. "प्रत्येक हाताला तीन वेळा दाबायला लावतात आणि सगळ्यात मोठा आकडा धरतात. तेव्हा एकदाही जोर लावायचा नाही. तान्ह्या पोराचं बोट धरल्यासारखं धर."

"खोटंच की गं ते."

"तुझा खांदा खोटा आहे? दाराचं कुलूप खोटं आहे? मोठी आली हरिश्चंद्राची नात!"

जोर न लावता धरणं मावशीला माहीतच नव्हतं. धुलाईखान्यात चादर इस्त्रीच्या रुळात जाण्याआधी दोघींनी ताणायची असते. एक म्हणते "धर", दुसरी म्हणते "धरलं", आणि मग दोघी अंगाचा सगळा भार मागे टाकतात. पाठीमागे तापलेला रूळ असतो. मावशीच्या आधी लंबूला दुसरी जोडीदारीण होती. तिचा हात एकदा सैल पडला होता. लंबूच्या कोपरावर तो डाग अजून आहे.

आत तरुण तपासनीस प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. पकड मोजायच्या यंत्राचं स्टँड मोडलं होतं, म्हणून खालचं टोक तो स्वतःच धरून बसे. मूठ त्यानं मावशीच्या हातात दिली.

"स्टँड मागून चार महिने झाले," तो म्हणाला. "कायदा आला, स्टँड काही येत नाही. हं, दाबा."

डाव्या हाताच्या तिन्ही वेळा बाराच्या आत निभावल्या. उजव्या हाताला पहिल्यांदा चौदा आला, मग तेरा. दारातून लंबूनं डोळे मिचकावले.

"शेवटचं, मावशी. झालं की सुटलात."

तो मागे रेलला. खुर्चीचा मागचा पाय कडकन मोडला. त्याच्या डोक्यामागे लोखंडी कपाटाचा कोपरा होता.

"अहो, धरा!" तो ओरडला.

"धरलं!" मावशी म्हणाली आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला.

यंत्राच्या दोन टोकांना दोघं क्षणभर तसेच लटकून राहिले. मग त्याला पाय टेकता आले. कपाट वीतभर लांब राहिलं होतं. यंत्रानं टिंग केलं.

"अगं बाई, काय केलंस हे!" लंबू आत धावली. "साहेब, हे धरायचं नाही हां! हिनं तुमचं डोकं वाचवलंय, हे परीक्षेत नाही बसत!"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं एक बटण दाबलं, परत दाबलं. "चौथ्यांदा घेतच नाही हे. आकडा परस्पर वरती जातो. मी... मी लिहून कळवतो त्यांना."

"स्टँडचं कळवलं होतं तसं?" लंबू म्हणाली.

मावशी उजवा खांदा डाव्या हातानं दाबत उभी होती.

"तुम्हाला लागलं नाही ना?" तिनं विचारलं.

पडद्यावर तिच्या नावापुढे ओळ उमटली होती. वय साठ. पकड, सर्वाधिक: एकोणतीस किलो.